खडू कुणाच्या हातात

पंधरा-सोळा वर्षं मी मराठवाड्यात 'लोकसहभागातून पाण्याचं नियोजन' करत हिंडते आहे. जे काही कळलं ते उशिरा कळलं, आणि बहुतेक वेळा चारचौघांदेखत.

१. हाताची घडी घालून उभं राहणं मला सगळ्यात जड गेलं. लोकसहभागाच्या पद्धतींवर लिहिणारे रॉबर्ट चेंबर्स यांची पुस्तकं वाचलेली. काठी, खडू लोकांच्या हाती द्या, हे त्यांचं म्हणणं तोंडपाठ. एका गावात पारापुढे सारवलेल्या जागेत रांगोळीनं गाव काढायचं होतं. एका आजीनं ओढा काढला, वाकडातिकडा आणि गावापेक्षा रुंद. मी वाकून तो नीट केला. आजीनं रांगोळीची वाटी माझ्या हातात ठेवली, "काढा मग तुम्हीच." पुढे अर्धा तास कुणी बोलेना. नंतर कळलं, पावसाळ्यात पलीकडची वस्ती त्या ओढ्यानं तुटते. तिचा ओढा त्या धास्तीच्या मापाचा होता.

२. एका गावाचे निदान दोन नकाशे असतात. पुरुषांनी काढले रस्ता, मारुती, ग्रामपंचायत आणि नावानिशी विहिरी. बायकांनी हातपंप, सरपणाची वाट, दारूचा अड्डा आणि दिवा नसलेला एक बोळ. अहवालात पुरुषांचा नकाशा 'गावाचा नकाशा' म्हणून छापला गेला, बायकांचा परिशिष्टात. अहवाल मीच लिहिला होता.

३. माझं वर्षसुद्धा गावाचं नव्हतं. पाणीटंचाईच्या महिन्यांवर चिंचोके ठेवायचे होते. मी ऐटीत बारा चौकटी आखल्या, जानेवारी ते डिसेंबर. सगळ्या जणी गप्प. शेवटी एकीनं विचारलं, "ताई, ह्याच्यात मिरग कुठं बसतो?" सगळं पुसलं, पाडव्यापासून सुरुवात केली, आणि चिंचोके पटापट पडायला लागले. मला वाटलं होतं, मोठा ढीग वैशाखात पडेल. पडला आषाढात! पाऊस सुरू झाला की टँकर बंद होतो, विहिरीला पाझर फुटायला मात्र श्रावण उजाडतो. मधले दिवस कुणाच्याच हिशेबात नव्हते, माझ्या तर नाहीच.

४. सकाळी अकराची सभा म्हणजे बायकांना 'येऊ नका' असं सांगणं. खुरपणीचा रोज बुडवून ज्या आल्या, त्यांना मी चहा-बिस्किटं दिली. सभेला बसल्याचा भत्ता मात्र मला मिळत होता.

५. सगळ्यांचे हात वर झाले म्हणजे एकमत झालं, हा भ्रम बरीच वर्षं टिकला. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहून आले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवलेलं हे गाव. तिथे निर्णय सर्वसहमतीनं होतात, आणि विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यासगट बसतो. ह्यातला अभ्यासगट मी विसरले आणि परत आल्यावर आमच्या एका गावात एका दुपारी सर्वसहमती मागितली. बंधाऱ्याच्या जागेला सगळ्यांनी हात वर केले. पुढे काम अडलं, तेव्हा एक म्हातारबाबा म्हणाले, "तुमची एष्टी चुकली असती ना." मी निघताना घड्याळ बघत होते, हे त्यांच्या ध्यानात राहिलेलं.

६. रांगोळी पावसात वाहून जाते. आम्ही ती आधी कागदावर उतरवतो, आणि कागद पुण्याच्या कपाटात जातो. दोन वर्षांनी त्या ओढ्याच्या गावात गेले तेव्हा बायकांनी विचारलं, "आमचा नकाशा कुठंय?" इतकी लाज वाटली की पुढच्या खेपेला संगणकावर नव्यानं आखून घेतलेली, रंगीत, लॅमिनेशन केलेली प्रत नेली. समाजमंदिराच्या भिंतीवर ती लावली. आजी काठी टेकत जवळ आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वढा परत बारीक केलाव."