फॉरमॅट मारण्याआधी स्क्रीन वाचा

चालता कॉम्प्युटर अचानक निळा पडतो, आपोआप रीस्टार्ट होतो, थोडा वेळ बरा चालतो आणि परत निळा पडतो. असं आठवडाभर झालं की आपल्याकडे औषध ठरलेलं असतं: फॉरमॅट. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे औषध सगळ्यात शेवटी घ्यायचं. फॉरमॅटमुळे दुखणं जाईलच असं नाही, पण दुखण्याची नोंद मात्र नक्की पुसली जाते.

मी हे अनुभवावरून सांगतो. कराडला लागून महामार्गावर जे मलकापूर आहे, तिथे माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल. मराठी टाइपसेटिंगचं आमचं सॉफ्टवेअर जुनं आहे आणि त्याला पेनड्राइव्हसारखं एक लॉक लागतं, ज्याला आम्ही डोंगल म्हणतो. डोंगल लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चे अपडेट थांबवले. त्यानंतर काही काळाने आमचं मुख्य मशीन टेक्निशियनने विंडोज १० वर नेलं आणि तिथून निळ्या स्क्रीनचा फेरा सुरू झाला. कधी पत्रिका सेट करताना, कधी प्रिंट देताना, कधी नुसतं सॉफ्टवेअर उघडलं की.

टेक्निशियनने मशीन नेलं. फॉरमॅट झालं. परत आलं आणि परत बंद पडलं. मग रॅम बदलली, तिचे पैसे गेले. पुन्हा फॉरमॅट. प्रत्येक वेळी त्याचं उत्तर एकच, आणि ते खरंही होतं: "दुकानात रात्रभर चालू ठेवलं होतं, काही झालं नाही." सीझनचे दिवस होते. मुहूर्त कॉम्प्युटरसाठी थांबत नाहीत आणि पत्रिका हातात नसली की घरच्या माणसांची काय घालमेल होते ते मी समोर बसून पाहिलं आहे.

शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आता काहीच करू नका. परत पडला की स्क्रीनचा फोटो काढून पाठवा." फोटोत खाली एका फाइलचं नाव होतं, शेवटी डॉट एसवायएस. ते डोंगलच्या ड्रायव्हरचं नाव निघालं. विंडोज ७ च्या काळातल्या सीडीवरचा हा ड्रायव्हर प्रत्येक फॉरमॅटनंतर त्याच सीडीवरून पुन्हा चढवला जात होता. टेक्निशियनच्या दुकानात मशीन बिनबोभाट चालायचं, कारण डोंगल माझ्याकडे असायचं. डोंगल बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर घातला, जुना पूर्ण काढला, आणि तो त्रास थांबला.

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, स्क्रीन, वायफाय, डोंगल यांची विंडोजशी गाठ घालून देणारा छोटा प्रोग्रॅम. त्याचं काम छोटं असलं तरी त्याची जागा फार मोठी आहे. साधा प्रोग्रॅम चुकला तर विंडोज फक्त तो बंद करतं, बाकीचं चालू राहतं. पण बरेच ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतात. तिथे एकाने मेमरीत भलत्या ठिकाणी हात घातला, तर पुढे काय काय बिघडेल याची खात्री उरत नाही, म्हणून तुमचा डेटा वाचवायला विंडोज स्वतःच सगळं थांबवतं. निळी स्क्रीन ती हीच. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये लिहिलं होतं, की विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी गाभ्यातल्या एका चुकीने अख्खं मशीन बसतं हे बदललेलं नाही.

१९ जुलै २०२४ ला ते सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक कंपनीचं सुरक्षा सॉफ्टवेअर असाच गाभ्यात चालणारा ड्रायव्हर वापरतं. आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने एक सदोष फाइल पाठवली. ड्रायव्हर ती वाचायला गेला आणि कोसळला. सव्वा तासात फाइल मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली होती. आपल्या देशातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यातलं लक्षात ठेवण्यासारखं हे, की मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायचं, ती एक फाइल काढायची आणि रीस्टार्ट करायचं, एवढाच उपाय होता. त्यासाठी डेटा पुसायची गरज नव्हती.

म्हणून नोंद वाचायला शिका. आमच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आहे आणि नळाला मीटर आहे. बिल जास्त आलं की माणूस भांडायला जाण्याआधी मीटरचा आकडा बघतो. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं. निळ्या स्क्रीनवर, आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत ती काळी झाली आहे तिच्यावर, स्टॉप कोड असतो आणि कधी कधी फाइलचं नावही असतं. फोटो काढा. स्क्रीन झटकन निघून जात असेल, तर सिस्टिमच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढा. स्क्रीन बघायची राहून गेली असेल, तरी स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की रिलायबिलिटी हिस्टरी उघडते. कुठल्या दिवशी मशीन पडलं आणि त्याच्या आधी कुठला ड्रायव्हर किंवा अपडेट बसला, हे तिथे तारीखवार दिसतं. मला विचाराल तर विंडोजमधली सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उघडली जाणारी खिडकी हीच.

वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. दर वेळी तोच कोड आणि तीच फाइल दिसत असेल, तर ड्रायव्हरवर संशय घ्या. कोडच्या नावात ड्रायव्हर हा शब्द असेल किंवा ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असेल, तर तो संशय आणखी पक्का. टीडीआर म्हणजे बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर. दर वेळी वेगळाच कोड येत असेल, तर आधी रॅम तपासा. त्यासाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक आहे, पैसे पडत नाहीत. कोडच्या नावात ‘व्हिया’ दिसलं तर दोष हार्डवेअरकडे किंवा त्याला मिळणाऱ्या विजेकडे शोधावा. आणि फाइलचं नाव ‘एनटीओएसकेआरएनएल’ असेल, तर लगेच विंडोजला दोष देऊ नका. तो विंडोजचा गाभा आहे. दुसऱ्याची चूक पुष्कळदा त्याच्या नावावर दिसते.

मग सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की तिथवर जाता येतं. सेफ मोडमध्ये विंडोज मोजकेच ड्रायव्हर घेऊन चालतं. तिथे मशीन तासन् तास नीट चाललं आणि बाहेर आलं की पडलं, तर बाहेरून आलेला एखादा ड्रायव्हर गुन्हेगार असण्याची शक्यता मोठी. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि अशा वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच बघून कागदावर लिहून ठेवा.

त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून आधीच्या ड्रायव्हरवर जाता येतं. बटण फिकट दिसत असेल, तर मागची प्रत शिल्लक नाही असं समजा. नवा ड्रायव्हर घ्यायचा तो लॅपटॉप किंवा प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, आपला मॉडेल नंबर टाकूनच. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये ताजे करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर मी माझ्या मशीनवर येऊ देत नाही. चालत्या उपकरणाचा ड्रायव्हर विनाकारण बदलण्यात शहाणपण नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोष दर वेळी ड्रायव्हरचाच असतो असंही नाही. मार्च २०२१ मध्ये विंडोज १० च्या मासिक अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरला प्रिंट दिली की निळी स्क्रीन यायची. प्रिंटर बरा होता, गडबड अपडेटची होती, आणि मायक्रोसॉफ्टला आठवडाभरात दुरुस्ती पाठवावी लागली. ज्या छपाईवाल्याने त्या आठवड्यात नवा प्रिंटर घेतला असेल, त्याचे पैसे वाया गेले. तारीख जुळवून बघण्याचा फायदा तो हा.

एवढं करूनही फॉरमॅटची वेळ आलीच, तर टेक्निशियनला आधी दोन कामं सांगा. एक, विंडोजच्या फोल्डरमधलं मिनीडंप नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. बिघाडाच्या नोंदी त्यात असतात आणि जाणकार माणूस त्या नंतरही वाचू शकतो. दोन, फॉरमॅटनंतर उपकरणं आणि त्यांचे ड्रायव्हर एकेक करून चढवायला सांगा, मध्ये दिवसभर काम करून बघत. पेनड्राइव्हवरचा सगळा ‘ड्रायव्हर पॅक’ एकदम ओतला, तर कोणी बिघडवलं ते पुन्हा कळणार नाही. मराठी फॉन्ट, हिशेबाचा डेटा आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स यांची प्रत आधी घेणं आलंच.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आता दुकानं, दवाखाने, दूध संकलन केंद्रं, पतसंस्था विंडोज ११ कडे जातील आणि त्यांच्यासोबत जुने प्रिंटर, स्कॅनर, वजनकाट्याच्या केबली आणि डोंगलही जातील. मशीन बदलण्याआधी एका कागदावर ही सगळी उपकरणं लिहा आणि प्रत्येकाच्या कंपनीला विचारा, विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का. ज्याचा नसेल, त्याच्यासाठी जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त त्या एका कामाला ठेवता येतं. आमच्याकडे एक जुना फिल्म स्कॅनर असाच वेगळ्या मशीनवर चालतो, आणि त्याचं काम पेनड्राइव्हने इकडे आणताना आधी व्हायरस स्कॅन करतो.