नौका सारखी, तर शर्यत खरी



ऑलिंपिक म्हटले की आपल्याला धावणे, कुस्ती, हॉकी आठवते. शिडाच्या नौकांची शर्यत आपल्या माळव्यात फारशी कुणी पाहिलेली नसते. तरीही या अंकासाठी आम्ही हाच विषय निवडला आहे. कारण प्रत्येक मैदानावर उभा राहणारा एक प्रश्न या खेळाला सुरुवातीपासून सोडवावा लागला. दोघांची साधने सारखी नसतील, तर जिंकले कोण? खेळाडू की साधन?

आधी थोडे विज्ञान पाहू. शर्यतीतील शिडाची नौका इंजिनावर चालत नाही. वाऱ्याच्या जोरावर ती पुढे जाते आणि सुकाणूने तिची दिशा सांभाळली जाते. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ती सरळ जाऊ शकत नाही. थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे अशी नागमोडी चालवावी लागते. कुठे वळायचे, शीड किती ओढायचे, किती सैल सोडायचे, हे खेळाडूचे कौशल्य. पण नौका जितकी लांब तितका तिचा वेग साधारणपणे जास्त आणि शीड जितके मोठे तितका वारा अधिक पकडला जातो. म्हणजे कौशल्य सारखे असले तरी मोठ्या नौकेचा मालक आधीच पुढे असतो.

२२ ऑगस्ट १८५१ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेस वाइट बेटाभोवती एक प्रसिद्ध शर्यत झाली. न्यूयॉर्कहून आलेल्या ‘अमेरिका’ नावाच्या नौकेने ब्रिटिश नौकांना हरवून चषक जिंकला. पुढे त्याच चषकाला ‘अमेरिका चषक’ हे नाव मिळाले. आधुनिक ऑलिंपिक १८९६ मध्ये सुरू झाले, म्हणजे हा चषक त्याहून जुना आहे. त्या दिवशी दुसरी आलेली ‘अरोरा’ सुमारे ४७ टनांची, तर ‘अमेरिका’ सुमारे १७० टनांची होती. लहान नौकेला वेळेची सवलत या शर्यतीत नव्हती. ‘अमेरिका’ची बांधणी उत्तम होती यात शंका नाही, पण सामना बरोबरीचा होता असे म्हणता येईल का?

वेळेची सवलत म्हणजे काय, ते उदाहरणाने समजून घेऊ. समजा, मोठ्या नौकेने १२० मिनिटांत आणि लहान नौकेने १२६ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. लहान नौकेला १० मिनिटांची सवलत असेल, तर तिचा वेळ ११६ मिनिटे धरला जाईल आणि ती विजयी ठरेल. गणित सोपे आहे. पण सवलत १० मिनिटांची द्यायची की ५ मिनिटांची, यावर वाद होणारच.

अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये नौकांच्या शर्यती ठरल्या होत्या, पण झाल्या नाहीत. त्या प्रथम झाल्या १९०० मध्ये, पॅरिसला. विशेष म्हणजे त्यातील बऱ्याचशा समुद्रात नव्हे, तर पॅरिसजवळ मलाँ या गावी सीन नदीत झाल्या. मोठ्या नौकांच्या शर्यती मात्र ल हाव्र या बंदरात झाल्या. २२ मे रोजी एक ते दोन टनांच्या गटात स्वित्झर्लंडची ‘लेरिना’ पहिली आली. तिच्यावर काउंट हर्मान द पूर्तालेस यांच्यासोबत त्यांच्या पत्नी एलेन होत्या. ऑलिंपिकमध्ये विजयी ठरलेल्या त्या पहिल्या महिला. मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

टनांनुसार गट केले तरी तंटा मिटला नाही, कारण मोजमापाचे नियम देशोदेशी वेगळे होते. म्हणून १९०६ मध्ये लंडनला अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी एक समान सूत्र ठरवले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. लांबी, घेर, शिडाचे क्षेत्रफळ अशी मापे या सूत्रात घातली की एक आकडा येतो. म्हणून ‘१२ मीटर’ गटातील नौका १२ मीटर लांब नसते. तिची प्रत्यक्ष लांबी त्याहून बरीच जास्त असते.

नियम एक झाला, पण नौका महागच राहिल्या. १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये १२ मीटर गटात दोनच नौका होत्या, दोन्ही ब्रिटनच्या. ७ मीटर गटात तर एकच नौका उतरली. तिने शर्यत पुरी केली आणि सुवर्णपदक मिळवले! प्रतिस्पर्धीच नसेल, तर अशा पदकाला शर्यतीची गोडी कुठून येणार?

चांगला मार्ग १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये दिसला. पुन्हा मलाँलाच एकट्याने चालवायच्या नौकांची शर्यत झाली. आयोजकांनी सर्वांना एकाच आराखड्याच्या नौका दिल्या. सतरा देशांचे खेळाडू उतरले आणि बेल्जियमचे लेऑन हुब्रेख्त्स जिंकले. १९०८ मध्ये एक नौका, १९२४ मध्ये सतरा देश. हा फरक पालकांनी आणि विश्वस्तांनीही ध्यानात घ्यावा. साधन सारखे झाले आणि ते आयोजकांनी पुरवले, तेव्हा खेळाचे दार उघडले.

हेच तत्त्व पुढे आपल्या राज्याच्याही कामी आले. भोपाळच्या बड्या तालाबावर नौकांचे प्रशिक्षण दिले जाते. तिथे शिकलेल्या हर्षिता तोमर हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ‘लेझर ४.७’ प्रकारात कांस्यपदक मिळवले. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. ‘४.७’ म्हणजे शिडाचे क्षेत्रफळ, ४.७ चौरस मीटर, आणि ते सर्वांना सारखेच. या प्रकारात मुले-मुली एकत्र उतरली होती. समुद्र नसलेल्या प्रदेशातील मुलगी समुद्रावर पदक जिंकते, यापेक्षा मोठा धडा कोणता?

आता आपल्या शाळेकडे वळू. वार्षिक क्रीडास्पर्धेत कुणाकडे महागडी बॅट असते, तर कुणी मागून आणलेल्या बॅटने खेळतो. आमची सूचना अशी आहे की शाळेच्या सामन्यांत दोन्ही संघांनी शाळेच्याच बॅट आणि रॅकेट वापराव्यात. पालकांनी घेतलेले साहित्य मुलांनी सरावाला जरूर वापरावे. मात्र शाळेचे साहित्य चांगल्या प्रतीचे आणि पुरेसे असले पाहिजे. तेवढी तरतूद विश्वस्त मंडळाने करावी, ही विनंती.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न:
१. तुमच्या आवडत्या खेळात सर्वांना सारखे ठेवणारे तीन नियम लिहा.
२. वरील उदाहरणात सवलत ५ मिनिटांची असती, तर कोण जिंकले असते?
३. धावण्याच्या शर्यतीत वयाचे गट का करतात? घरी चर्चा करून लिहा.