शिबिरांतील स्वयंपाकाचीं भांडीं

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे शाळाशाळांतून शिबिराचे बेत सुरू होतात. जागा कोणती, तंबू किती, बरोबर कोण शिक्षक येणार, यांविषयीं पुष्कळ खल होतो. स्वयंपाकाच्या भांड्यांचा विचार मात्र निघण्याच्या आदल्या दिवशीं होतो. मग कोणी घरांतील जड पितळी पातेलें उचलतो, तर कोणी बाजारांतून महाग तयार संच विकत आणवितो. पहिल्याची पाठ वांकते आणि दुसऱ्याच्या वडिलांचा खिसा रिकामा होतो. याहून वाईट गोष्ट अशी कीं, ज्याला असा संच घेणें परवडत नाहीं, तो मुलगा कांहीं तरी निमित्त सांगून घरींच राहतो. म्हणून भांडीं हलकीं व स्वस्त असावींत हा प्रश्न केवळ सोयीचा नाहीं. शिबिरास कोणाला जातां येईल, याचाही तो प्रश्न आहे.

बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर पहिलें प्रायोगिक शिबिर भरविलें. तेथें सुमारें २० मुलें होतीं. कांहीं श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील, तर कांहीं साध्या कामकरी घरांतील. या सर्वांना मिसळून त्यांनीं चार तुकड्या केल्या. तुकडीची ही पद्धत आपल्याही उपयोगाची आहे. शिजविण्याचें भांडें प्रत्येकाचें नसावें, तुकडीचें असावें. ताटली, पेला व चमचा एवढेंच ज्याचें त्यानें आणावें. आणि हे जिन्नस घरांत असतातच.

भांडें निवडण्यापूर्वीं जेवण काय करावयाचें तें ठरवावें. सहा जणांच्या तुकडीस खिचडी करावयाची असेल, तर ६०० ग्रॅम तांदूळ, ३०० ग्रॅम मुगाची डाळ व सुमारें ३ लिटर पाणी लागेल. उतूं जाऊं नये म्हणून थोडी जागा मोकळी हवी. अर्थात् ५ लिटरचें एक पातेलें पुरे. त्याच्या पोटांत बसेल असें दुसरें लहान पातेलें चहासाठीं घ्यावें, व आंतल्या पोकळींत मीठ, मसाला व काडेपेटी यांच्या घट्ट झांकणाच्या डब्या ठेवाव्या. दोन झांकणें, एक पळी, एक सुरी व एक सांडशी घेतली म्हणजे तुकडीचा संसार पूर्ण झाला. सांडशी असल्यावर कानांच्या किंवा दांड्यांच्या भांड्यांची गरज उरत नाहीं.

आतां धातूचा विचार करूं. एक घनसेंटिमीटर पितळेचें वजन सुमारें ८.५ ग्रॅम, पोलादाचें सुमारें ८ ग्रॅम, आणि ॲल्युमिनियमचें अवघें २.७ ग्रॅम भरतें. पोलाद मजबूत असल्यामुळें त्याचा पत्रा पातळ काढतां येतो व प्रत्यक्ष भांड्यांतील फरक कांहींसा कमी होतो. म्हणून दुकानांत दोन्ही भांडीं तराजूंत घालूनच निवड करावी. ॲल्युमिनियम स्वस्त व हलकें आहे, परंतु चिंच, आमसूल किंवा लिंबू घातलेला पदार्थ त्यांत शिजवूं अथवा ठेवूं नये. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यांत तर असे पदार्थ कळकतात. जस्ताच्या बादलींत अन्न शिजविणें सर्वथा वर्ज्य समजावें.

ओझ्यालाही मर्यादा हवी. शाळेचें दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड असूं नये, असें भारत सरकारच्या २०२० सालच्या धोरणांत सांगितलें आहे. या मापानें ४० किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर ४ किलो ओझें येतें. डोंगर चढावयाचा असल्यास हेंच माप डोळ्यांपुढें ठेवावें, आणि भांडीं एकावर न लादतां सर्वांत वांटून द्यावींत.

विस्तवाविषयीं विशेष सावध असावें. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणें राखीव वनांत परवानगीवांचून विस्तव पेटविणें हा गुन्हा आहे. जेथें परवानगी असेल तेथें तीन दगडांची चूल मांडावी, व पातेल्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा पातळ लेप द्यावा. म्हणजे काजळी मातीबरोबर सहज निघून जाते. गॅसची लहान शेगडी न्यावयाची असल्यास ती शिक्षकांच्या देखरेखीखालींच पेटवावी. तंबूच्या आंत कोणतीही शेगडी पेटवूं नये. कारण तिच्यापासून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे.

उंचीचाही परिणाम ध्यानांत ठेवावा. जसजसें वर जावें तसतसा हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी उष्णतेवर उकळूं लागतें. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे. तेथें पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळतें. त्यामुळें डाळ शिजण्यास अधिक वेळ व अधिक जळण लागतें. त्यासाठीं जड कुकर वर नेण्याचें कारण नाहीं. डाळ आधीं भिजत घालावी, झांकण ठेवून शिजवावी, आणि अर्धीअधिक शिजल्यावर पातेलें उतरून पंधरावीस मिनिटें जाड घोंगडींत गुंडाळून ठेवावें. उरलेलें काम आंतली वाफ करते.

निघण्यापूर्वीं एकदां शाळेच्या पटांगणांत याच भांड्यांत याच मापानें खिचडी शिजवून पाहावी. काय कमी पडलें व काय फुकट नेत होतों, हें तेथेंच कळेल.

पालकांस एक विनंती आहे. पातेलें, पळी व सांडशी यांचा खर्च एकेका मुलावर न घालतां सर्वांनीं मिळून करावा, व शिबिर संपल्यावर हीं भांडीं घांसून पुढील वर्षाच्या मुलांसाठीं शाळेच्या पेटींत ठेवावींत. आणि तुकडीच्या नायकांनीं भांड्यांची यादी करण्याआधीं मुलांची यादी करावी. वर्गांतील कोणाचें नांव तींत आलें नसेल, तर तें कां आलें नाहीं, याची एकट्यानें जाऊन, चारचौघांत न विचारतां, चौकशी करावी.