सुटते ती सरकतेच असे नाही : रिलीज फिल्मचा घर्षणांक मोजण्याची कृती

लेबल, दुहेरी टेप किंवा कार्बन फायबरचा प्रीप्रेग ज्या फिल्मवरून अलगद सुटतो, ती फिल्म सरकायलाही गुळगुळीतच असणार, असे कारखान्यात नवीन आलेले बहुतेक जण धरून चालतात. सिलिकॉन चढवलेल्या पीईटी फिल्मच्या दोन तुकड्यांचे सिलिकॉनचे अंग एकमेकांवर ठेवून सरकवून पाहा, ते अडतात. याचे कारण सरळ आहे. सिलिकॉनची पृष्ठऊर्जा कमी असल्याने त्याच्यावर गोंद धरत नाही. पण भट्टीत पक्का झालेला सिलिकॉनचा थर हा मुळात रबर आहे. समोरचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो त्याच्याशी नीट बसतो, प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते आणि सरकवायला जोर लागतो. म्हणून सुटण्याचे बल आणि घर्षणांक या दोन चाचण्या वेगवेगळ्या कराव्यात. एकीच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

आधी कोणत्या दोन पृष्ठभागांमधले घर्षण हवे ते ठरवा. एका बाजूने कोटिंग असलेल्या फिल्मच्या रोलमध्ये सिलिकॉनचे अंग खालच्या थराच्या पाठीला टेकलेले असते. त्यामुळे रोलची तक्रार असेल तर सिलिकॉन विरुद्ध पाठ हीच जोडी घ्या. फिल्म मशीनच्या रोलरवर अडखळत असेल तर फिल्म विरुद्ध धातू मोजा. नुसते ‘सीओएफ (घर्षणांक) इतका’ असे लिहिलेल्या रिपोर्टला माझ्या लेखी काही किंमत नाही.

साहित्य फारसे लागत नाही. लहान क्षमतेचा लोडसेल बसवलेले टेन्साइल मशीन, त्याला जोडायचा आडवा सपाट पाट आणि कप्पी, 200 ग्रॅमचा चौरस स्लेड (फिल्म गुंडाळून ओढायचा ठोकळा), न ताणणारा नायलॉनचा दोरा, दुहेरी टेप, धारदार ब्लेड, पावडर नसलेले हातमोजे. लोडसेलबाबत तडजोड करू नका. इथे मोजायचे बल एक न्यूटनच्या आसपास असते. 5 किलोन्यूटनच्या लोडसेलवर एवढे बल गोंगाटात हरवते. 10 न्यूटनचा सेल उत्तम.

पद्धत एएसटीएम डी 1894 ची की आयएसओ 8295 ची, हे ग्राहकाला विचारून ठरवा. दोन्हींत स्लेड 200 ग्रॅमचाच असतो. पण एएसटीएममध्ये ओढण्याचा वेग मिनिटाला 150 मिलिमीटर असतो, आयएसओमध्ये 100. सिलिकॉनसारख्या रबरी पृष्ठभागाचे घर्षण वेगाप्रमाणे बदलते, त्यामुळे एका पद्धतीचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून पाहू नये. पुढची मापे एएसटीएमची आहेत.

आता नमुना घ्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे काम सावकाश करा. रोलचे बाहेरचे दोन-तीन वेढे काढून टाका, कारण त्यांना हात लागलेला असतो आणि धूळ बसलेली असते. मग सलग लांबीची पट्टी कापा आणि फिल्म ज्या दिशेने मशीनमधून आली त्या दिशेचा बाण कडेला मार्करने काढा. पाटासाठी मशीनच्या दिशेने 250 आणि आडवा 130 मिलिमीटर असा तुकडा घ्या, स्लेडसाठी 120 मिलिमीटरचा चौकोन. पकडायचे ते कडेलाच. मध्यभागी बोटाचा नुसता ठसा उमटला तरी त्वचेवरचे तेल सिलिकॉनवर पसरते आणि आकडा खाली येतो. तुकडे एकावर एक रचू नका, कापताना एकमेकांवर घासू नका. रुंदीच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या भागांतून निदान पाच जोड्या तयार करा, म्हणजे कोटिंगमधला फरकही लक्षात येईल.

हे तुकडे 23 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के आर्द्रतेच्या खोलीत 40 तास ठेवा. हा वेळ वाचवायचा मोह होतो, पण पावसाळ्यात तारापूरला घेतलेले माप आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत बुटीबोरीला घेतलेले माप यांची तुलना करायची असेल तर दुसरा मार्ग नाही. कोरड्या हवेत पीईटीवर स्थिर वीज साठते, दोन फिल्म एकमेकींना ओढून धरतात आणि घर्षण खोटेच वाढलेले दिसते. मोजण्याआधी तुकड्यावरून आयनायझरचा झोत फिरवा.

फिल्म पॉलिइथिलिनची असेल आणि तिच्यात इरुकामाइडसारखे घर्षण कमी करणारे स्लिप द्रव्य असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. हे द्रव्य फिल्म तयार झाल्यावर हळूहळू पृष्ठभागावर येते, त्यासाठी काही तास ते काही दिवस लागतात. म्हणून फिल्म कधी तयार झाली आणि कधी मोजली, हे दोन्ही नोंदवा.

पाटावर फिल्म टेपने बसवा. सुरकुती नको, हवेचा फुगा नको, ताणही नको. स्लेडवरचा चौकोन खालून गुंडाळून वर टेपने चिकटवा आणि बाण ओढण्याच्या दिशेला ठेवा. फिल्म आणि टेपसकट स्लेडचे वजन करा. दोरा सरळ येऊ द्या, पण ताणू नका. मग स्लेड हळूच, पूर्ण तळ एकदम टेकेल असा ठेवा. एक कड आधी टेकली किंवा स्लेड किंचित घसरला तर ती जोडी बाद समजा. पुन्हा उचलून तीच जोडी वापरू नये, कारण एकदा घासलेला पृष्ठभाग पहिल्यासारखा राहत नाही.

मशीन सुरू करा. आलेखात आधी एक शेंडा येतो, मग रेघ खाली येऊन साधारण सपाट चालते. शेंड्याचे बल भागिले स्लेडचे वजन म्हणजे स्थितिक घर्षणांक, आणि सपाट भागाच्या सरासरी बलाला त्याच वजनाने भागले की गतिक घर्षणांक. 200 ग्रॅम म्हणजे 1.96 न्यूटन. शेंडा 0.98 न्यूटनवर असेल तर स्थितिक 0.50, सरासरी 0.78 न्यूटन असेल तर गतिक 0.40. रेघ सपाट न चालता करवतीच्या दातांसारखी वरखाली होत असेल, तर स्लेड अडत-सुटत चालला आहे. तेव्हा सरासरीचा एकच आकडा लिहून थांबू नका, आलेखही जोडा. अशी फिल्म स्लिटिंगला कर्कश आवाज करते आणि तिचा ताण हेलकावे खातो.

आकडा जास्त आला की सगळे धावपळ करतात. सिलिकॉनच्या अंगाचा आकडा नेहमीपेक्षा अचानक कमी आला तर मात्र सगळे खूश होतात. खरी काळजी तेव्हा करायला हवी. सिलिकॉन पूर्ण पक्के झाले नसेल, तर मोकळे राहिलेले रेणू वंगणाचे काम करतात आणि फिल्म छान सरकते. पुढे तेच सिलिकॉन ग्राहकाच्या गोंदावर जाते आणि लेबल बाटलीला चिकटत नाही. लगेच तपासा. कोटिंगवर बोट जोरात फिरवून मेणचट पट्टा उमटतो का पाहा. मग चांगली टेप कोटिंगवर दाबून काढा आणि तिचे चिकट अंग त्याच अंगावर दुमडा. ती आपल्यालाच घट्ट धरत नसेल तर सिलिकॉन सुटून आले आहे. भट्टीचे तापमान, लाइनचा वेग आणि प्लॅटिनम उत्प्रेरकाला मारणारे काही मिसळले का, या क्रमाने शोध घ्या. अमाइन, गंधक आणि कथिलाची संयुगे यांत नेहमीची दोषी आहेत.

आकडा खरोखर जास्त असेल तर रोल गुंडाळताना मधली हवा नीट निघत नाही आणि सुरकुत्या पडतात. त्यावर उपाय कोटिंगमध्ये नाही, पाठीत आहे: पाठ किंचित खरबरीत असलेली बेस फिल्म मागवा. उलट पाठीकडचे घर्षण फार कमी असेल तर जंबो रोल कडेने बाहेर सरकतो, टेलिस्कोप होतो, आणि ट्रकमधून उतरवतानाच हातात येतो.

मशीन मोकळे नसेल तर फ्लोअरवरच उताराची पद्धत वापरा. बिजागरीच्या पाटावर फिल्म लावा, तिच्यावर फिल्म गुंडाळलेला ठोकळा ठेवा आणि पाट एकसारख्या संथ गतीने उचला. ठोकळा निघाला तो कोन मोबाइलच्या लेव्हलवर वाचा. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे स्थितिक घर्षणांक: 20 अंशांना 0.36, 25 ला 0.47, 30 ला 0.58. गतिक आकडा यातून मिळत नाही. पण दोन रोल शेजारी ठेवून कोणता वेगळा वागतो, हे पाच मिनिटांत कळते आणि संशय असलेला रोल स्लिटिंगला जाण्याआधी बाजूला काढता येतो.