कुत्री धुण्याचा धंदा : आधी वहीत मांडा

एका सभासदाच्या पोराने राजारामपुरीत कुत्र्यांना आंघोळ घालायचा, केस-नखे कापायचा धंदा काढतो म्हटल्यावर आम्हीही हसलो. मग वही घेऊन बसलो.

गिऱ्हाईक कोण? आपला कारवानी कुत्रा आखूड केसांचा, त्याला कात्री लागत नाही. गिऱ्हाईक शहरातले, पामेरियनवाले.

समजा, गाळाभाडे, वीज-पाणी, मदतनीस मिळून महिना 16,000 रुपये, कर्जाचा हप्ता 2,000. कुत्र्यामागे 500 घेतले, शांपू-साबणाला 100 गेले, उरले 400. म्हणजे 45 कुत्र्यांत खर्च निघाला. पण पोराची मजुरी कुठाय? उसातही आपण हेच करतो, घरच्या माणसाचा रोज धरतच नाही. 12,000 धरा, आकडा 75 वर गेला. पंचवीस दिवस, रोज 3.

मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत कर्ज मिळते. टब, यंत्रे तेवढ्यातच बसवावीत. उसाच्या बिलाला हात लावू नये. रेबीजच्या लसीचे कार्ड पाहिल्याशिवाय कुत्रे टेबलावर घेऊ नये, आणि काम करणाऱ्याने स्वतःही आधी लस टोचून घ्यावी.

रोज 3 येतील का, हे वहीत कळत नाही. जनावरांच्या डॉक्टरांच्या दारात चार शनिवार बसून मोज, असे पोराला सांगितले. पहिल्या शनिवारी 11 आली, त्यांत केसाळ 4.