देशकालाचा उच्चार

पूजेला बसलो की आपण हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. त्यात कल्प-मन्वंतरापासून आजच्या तिथी-वारापर्यंत काळ येतो, जंबुद्वीपापासून आपल्या नदीच्या तीरापर्यंत देश येतो, आणि मग गोत्र व नाव. चाळीस वर्षे मी हे घडाघडा म्हणत आलो. अर्थाकडे लक्ष गेले ते गेल्या दत्तजयंतीला, घरात वाद झाला तेव्हा.

मुलगा न्यूजर्सीला असतो. आमच्याकडे संध्याकाळी सहाला जन्मकाळ, त्याच वेळी त्यानेही फोनवर फुले वाहावीत असा सौ.चा आग्रह. तिकडे सकाळचे साडेसात. पायात मोजे चढवता चढवता त्याने कशीबशी फुले वाहिली. हिला फार लागले. तो म्हणाला, "आई, इथे संध्याकाळ झालीच कुठे होती?"

उत्तर सापडले ते कणाद मुनींच्या वैशेषिक दर्शनात. त्यांनी नऊ द्रव्ये मानली, त्यात काल आणि दिक् ही दोन. दोन्ही एक, नित्य आणि सर्वव्यापी. मग सकाळ-संध्याकाळ, पूर्व-पश्चिम हे कोठून आले? तर ते उपाधीमुळे, म्हणजे सूर्याच्या गतीमुळे आपण पाडलेले भाग.

आम्हा बँकवाल्यांना हे चटकन समजावे. कॅश बंद झाल्यावर आलेल्या स्लिपेवर उद्याची तारीख पडे. वेळ संपलेली नसे, खिडकी बंद झालेली असे!

या दोघांत एक फरक मात्र आहे, आणि तो मला फार आवडला. गाणगापूर सोलापूरकराला पूर्वेकडे, तर हैदराबादच्या भक्ताला पश्चिमेकडे. उभे राहायची जागा बदलली की दिशा बदलते. पण श्रीपाद श्रीवल्लभ आधी आणि नृसिंह सरस्वती नंतर, हे कुठेही उभे राहिलात तरी बदलत नाही.

आता आमचा वाद. तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातले १२ अंशांचे अंतर, ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते. सूर्यास्त मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. नागपूर आणि मुंबईतच त्यात सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडतो. (मुंबईची स्वतःची वेळ तर १९५५ पर्यंत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चाले.) म्हणून संकल्पात नुसता काळ सांगून भागत नाही, देशही सांगावा लागतो. दत्तजन्म सायंकाळचा, म्हणजे पूजा करणाऱ्याच्या सायंकाळचा. मुलाचे म्हणणे खरे होते. मी तसे कबूल केले, तर ही म्हणाली, "मग एवढी वर्षं काय पाठ म्हणत होतात?"

यंदा त्याने आपल्या गावचे पंचांग पाहून तिथल्या सूर्यास्ताला पाळणा म्हणायचे ठरवले आहे. तेव्हा आपल्याकडे पहाटेचे तीन वाजलेले असतील. सौ.ने गजर लावून ठेवायला सांगितले आहे, आणि त्याच्या वाटणीचा सुंठवडा वेगळा काढणार आहे.