गेटबाहेरचे तास

नवी पोरं स्टेअरिंगवर बसायला आली की आधी घाटाचं विचारतात. कसारा कसा उतरायचा, भरलेली गाडी कुठे सांभाळायची. मी सांगतोही. इगतपुरीला दहा मिनिटं थांबायचं, हवेचं प्रेशर बघायचं, टायरवरून नजर फिरवायची आणि ज्या गिअरमध्ये गाडी चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची. न्यूट्रल मारून डिझेल वाचवणारे ब्रेक घालवून बसतात. हे सगळं खरं आहे. पण एवढी वर्षं लाईनीत काढल्यावर माझं मत पक्कं झालंय की ड्रायव्हरचा घात घाटात सुरू होत नाही. तो गोदामाच्या गेटवर सुरू होतो.

आमचं पडघा बघा. मुंबई-नाशिक महामार्गावरचं भिवंडी तालुक्यातलं गाव. मुंबईची जकात चुकावी म्हणून एके काळी भिवंडीत माल उतरायचा, तिथून गोदामांचा पसारा वाढत गेला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात संपली, पण गोदामं कमी झाली नाहीत. उलट कंपन्यांनी ठिकठिकाणची छोटी गोदामं मोडून इथे मोठाली उभी केली. भातखाचरांच्या जागी पत्र्याच्या शेड आल्या. शेडच्या आत सगळं चकाचक असतं, एकेक खोकं कुठे आहे ते संगणकाला ठाऊक असतं. त्याच गेटबाहेर माल घेऊन आलेली गाडी किती वेळ उभी आहे, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

एका पावसाळ्यात इंदूरहून माल घेऊन मी सकाळी पडघ्यात पोचलो. गेटवर टोकन मिळालं. गार्ड म्हणाला, "डॉक खाली नाही, गाडी बाहेर लाव." दुपारी तेच उत्तर, संध्याकाळी तेच. रात्री सांगितलं, उद्या बघू. आत जागा नाही, बाहेर चिखल. गाडी खाली उतरवली तर चाक रुतणार. त्यामुळे सगळ्या गाड्या लागतात तशी माझीही रस्त्याच्या कडेला लागली. क्लीनरने टूलबॉक्सवर स्टो मांडून खिचडी टाकली, वरून पाऊस म्हणून ताडपत्रीचं टोक धरून मी उभा. जेवून केबिनमध्ये आडवे झालो, पण झोप कसली? रांग पुढे सरकली आणि आपण झोपलेले असलो तर नंबर जातो, या धास्तीने दर तासाला डोळा उघडत होता.

पहाटे क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन मागच्या बाजूला गेला आणि मागून आलेला ट्रक आमच्या गाडीवर आदळला. पोराचा पाय दोन्ही गाड्यांच्या मध्ये सापडला. त्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून थरथरत उभा होता. "दादा, डोळा लागला," एवढंच बोलला. नंतर कळलं, तोही दोन रात्री दुसऱ्या एका गोदामाबाहेर उभा होता. गाडी खाली झाल्या झाल्या मालकाचा फोन आला होता, पुढचा माल भरायला ताबडतोब निघ.

पोराच्या पायात रॉड पडला. तो आज चालतो, पण गाडीवर चढत नाही. गोदामवाल्यांनी हात वर केले, गाडी आमच्या गेटबाहेर होती म्हणाले. माझ्याकडचं टोकन दाखवलं तर त्यावर नुसता नंबर होता, वेळ नव्हती. मी सकाळपासून त्यांच्याच सांगण्यावरून उभा होतो, हे दाखवायला कागद नव्हता.

म्हणून आता मी गेटवर पोचलो की आधी बिल्टीच्या मागे तारीख, वेळ लिहून गार्डची सही मागतो. सही दिली नाही तर गेटची पाटी दिसेल असा फोटो काढून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला पाठवतो. फोटोवर वेळ नोंदली जाते, मेसेजवरही जाते. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी उभी ठेवल्याचे, पैसे मागायचे तर हाच पुरावा. पोच हातात घेतानाही त्यावर गाडी कधी आली आणि कधी खाली झाली हे लिहून घ्या. माल बरोबर असेल तर नुसती सही घेऊ नका, 'माल बरोबर मिळाला' असं लिहून घ्या, नाहीतर पंधरा दिवसांनी शॉर्टेज तुमच्या भाड्यातून कापलं जातं.

ई-वे बिलाकडेही लक्ष ठेवा. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी वेळेत पोचली पण गोदाम माल घेत नाही, अशा वेळी मुदत उभ्या उभ्या संपते. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवता येते. ते काम ऑफिसचं आहे, पण त्यांना आठवण करून देणारा फोन तुमचा असला पाहिजे.

गाडी कुठे लावायची, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. रस्त्याच्या शोल्डरवर झोपायचं नाही. चार किलोमीटर मागे जावं लागलं तरी चालेल, पण पंप किंवा ढाब्याचं आवार बघा. नंबर गेला तर गेला. १५ ऑक्टोबर २०२३ला वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर थांबलेल्या ट्रकला मागून टेम्पो ट्रॅव्हलर धडकला आणि १२ माणसं गेली. गाडी बंदच पडली तर गोष्ट वेगळी. तेव्हा पार्किंग लाइट चालू, त्रिकोण बराच मागे, आणि माणसं गाडीच्या मागे-पुढे नाहीत तर रस्त्यापासून लांब. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८. हे दोन्ही नंबर क्लीनरलाही पाठ असू द्या, कारण त्या वेळी फोन करणारा शुद्धीवर असलेला माणूस तोच असू शकतो.

आता समृद्धीबद्दल. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. आमणे म्हणजे आमच्या पडघ्याच्या शेजारीच. कसाऱ्याचा ताण वाचला, हे चांगलंच झालं. पण सरळ रस्ता झोप आणतो. घाटात वळण तरी जागं ठेवतं. गेटवर दोन रात्री काढून कोणी थेट समृद्धीला लागणार असेल तर त्याला मी थांबवतो. चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी यांनी झोप जात नाही, ती फक्त लपते. रात्री दोन ते पाचच्या मध्ये जांभया सुरू झाल्या, मागचे पाच किलोमीटर कसे गेले ते आठवेना, की पहिल्या सुरक्षित जागी गाडी लावा आणि झोपा. मालकाला फोन झोपून उठल्यावर करा.

सलग पाच तास काम झालं की अर्धा तास विश्रांती आणि दिवसाला आठ तास काम, हे १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात लिहिलं गेलं होतं. आमच्या लाईनीत ते कोणी पाळलेलं मी पाहिलं नाही. उभं राहण्याचे तास कामात धरतच नाहीत, तिथेच सगळं बिघडतं. ड्रायव्हर गेटवर जागा असतो, टोकन सांभाळतो, माल सांभाळतो, मग ते काम नाही तर काय आहे?

वाराईचंही तेच. माल उतरवायचे पैसे ड्रायव्हरच्या खिशातून काढायचे आणि नाही दिले तर गाडी मागे ठेवायची. 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची मागणी जुनी आहे आणि न्यायाची आहे. पण गेटवर एकट्याने वाद घालू नका. पैसे द्यावेच लागले तर पावती मागा, ऑफिसला तिथूनच कळवा.

गोदामं चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या आवारात दहा गाड्यांपुरती जागा, एक नळ आणि एक स्वच्छ संडास द्या. टोकनवर गाडी आल्याची वेळ छापा आणि डॉक कधी मिळेल ते खरं सांगा. उद्या मिळणार असेल तर उद्या म्हणा. ड्रायव्हर निदान रात्रभर झोपेल.